नेदरलँड्समध्ये घरी बाळंतपण: मिडवाइफ येण्याआधीची तयारी

पलंगाच्या उंचीपासून सुरुवात करा. घरच्या बाळंतपणाचा विषय निघाला की मैत्रिणी मेणबत्त्या, गाणी, सुगंधी तेल यांवर भरभरून बोलतात आणि पलंग मात्र छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत कुणाला आठवत नाही. मिडवाइफ आणि नंतर आठवडाभर येणारी क्रामझोर्खची (बाळंतिणीची आणि बाळाची घरी येऊन काळजी घेणाऱ्या सेवेची) बाई तुमच्या पलंगाशी वाकून काम करणार. त्यांच्या पाठीसाठी गादीचा वरचा भाग जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटरवर असावा अशी इथली अट आहे. घरातला साधा पलंग एवढा उंच नसतो. पायांखाली लावायचे ठोकळे रुग्णसाहित्याच्या दुकानात मिळतात, ते वेळेवर सांगून ठेवा. पलंग भिंतीला चिकटलेला असेल तर ओढून घ्या, दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहिला पाहिजे. हे सगळे सदतिसावा आठवडा पूर्ण व्हायच्या आत, कारण घरी बाळंत होण्याची मुभा ३७ ते ४२ आठवड्यांपुरतीच असते. त्याआधी कळा सुरू झाल्या तर थेट रुग्णालय.

ही मुभा सगळ्यांना नसते, हेही लगेच सांगते. एकच बाळ, डोके खाली, रक्तदाब ठीक, वार गर्भाशयाच्या तोंडावर नाही, आधीचे सिझेरियन नाही, अशी साधी गर्भारपणे मिडवाइफकडे राहतात. काही वेगळे दिसले की ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवते, आणि हा निर्णय दर तपासणीला नव्याने होतो. तिने चार वर्षांचे स्वतंत्र शिक्षण घेतलेले असते. तिच्या ‘नाही’शी हुज्जत घालू नये. घरचे बाळंतपण मूळ विम्यात बसते आणि वैद्यकीय कारण नसताना रुग्णालयाची खोली मागितली तर पदरचे पैसे जातात, हे खरे. पण तेवढ्यासाठी घर निवडत असाल तर पुन्हा विचार करा. घरी एपिड्युरल, म्हणजे कळांसाठी पाठीत देतात ते वेदनाशामक, मिळत नाही. गरम पाण्याचा शॉवर, टेन्सचे यंत्र (सौम्य विजेने वेदना कमी करणारे), श्वास आणि कंबर दाबून देणारा नवरा एवढाच आधार असतो.

क्रामझोर्खची नोंदणी पहिल्या तिमाहीतच उरका. मनुष्यबळ कमी पडते आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर विचारू नका. साधारण ४९ तासांची मदत ठरलेली असते. गरजेप्रमाणे ती कमी होते, पण २४ तासांखाली जात नाही. तासामागे थोडी रक्कम आपल्याला भरावी लागते. ही बाई बाळाचे वजन-तापमान बघते, टाके बघते, पाजायला शिकवते. बाळंतपणाच्या वेळीही मिडवाइफच्या हाताखाली तीच किंवा तिच्या संस्थेतली दुसरी कुणी येते, म्हणून तिचा नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये असू द्या. कळांमध्ये तुम्ही फोन शोधणार नाही.

सामानाचे फार कौतुक करायला नको. विमा कंपनीकडून क्रामपाकेट नावाचा खोका घरी येतो. त्यात पलंगावर घालायचे शोषक पॅड, मोठे सॅनिटरी पॅड, निर्जंतुक गॉज, नाळेचा चिमटा, अल्कोहोल असे असते. तो मागवा, उघडून बघा आणि पलंगाखाली ठेवा. त्याशिवाय गादीवर पसरायला प्लास्टिक, दोन-तीन जुन्या चादरी, दोन बादल्या, कचऱ्याच्या जाड पिशव्या, वारेसाठी एखादे भांडे, डिजिटल थर्मामीटर आणि चांगल्या उजेडाचा, हलवता येणारा दिवा. हा दिवा विसरू नका. अंधूक प्रकाशात कळा सोसायला बरे वाटते, पण टाके घालताना मिडवाइफला लख्ख दिसले पाहिजे. बाळाला ५० आणि ५६ मापाची झबली, दोन सुती टोपरी, डझनभर मलमलची दुपटी. आजीने शिवलेली दुपटी चालतात, उलट जास्त मऊ असतात. शिवाय बाळाचे अंथरूण ऊबदार ठेवायला धातूच्या दोन गरम पाण्याच्या बाटल्या. त्या गळत नाहीत ना हे आधी तपासा. वापरताना कापडी खोळ घालायची आणि बाळापासून वीतभर अंतर ठेवायचे. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, टाक्यांचे सामान, बाळाला श्वास द्यायचा फुगा हे मिडवाइफ स्वतः आणते.

पाण्याच्या टबात कळा काढायचा विचार असेल तर जुन्या घरातली लाकडी जमीन लक्षात घ्या. टबात काही शे लिटर पाणी मावते, म्हणजे तेवढेच किलो वजन, वर तुम्ही. बॉयलर सलग किती गरम पाणी देतो आणि पाइप नळाला बसतो का, हे एकदा भरून बघितल्याशिवाय कळत नाही.

आता ज्याकडे कानाडोळा होतो ते: घर सोडायची तयारी. इंग्लंडमधल्या बर्थप्लेस अभ्यासात (२०११) घरी बाळंत व्हायचे ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना मध्येच किंवा लगेच नंतर रुग्णालयात हलवावे लागले. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. त्याच अभ्यासात पहिलटकरणींच्या बाळांना गंभीर त्रास होण्याचे प्रमाणही घरी जास्त दिसले, हजारी ९.३ विरुद्ध रुग्णालयात ५.३. नंतरच्या खेपांमध्ये असा फरक आढळला नाही. नेदरलँड्सची व्यवस्था वेगळी, पण पहिलटकरीण असाल तर रुग्णालयाची बॅग ही मुख्य बॅग समजूनच भरा: ओळखपत्र, विम्याचे कार्ड, बाळाचे कपडे, कार सीट, चार्जर. बरेचदा हलवायचे कारण घाईचे नसते. कळा मंदावल्या, बाळाने पोटात शी केली, आईला वेदनाशामक हवे झाले.

घाई असेल तेव्हासाठी जिना बघा. इथले जुने जिने सरळसोट आणि अरुंद, वरच्या मजल्यावरून स्ट्रेचर उतरवता येत नाही म्हणून अग्निशामक दल खिडकीतून उतरवते. तुमच्या घरात ती वेळ येणार असे मिडवाइफला वाटले तर पलंग खाली बैठकीच्या खोलीत आणा. फ्लॅट असेल तर लिफ्ट आतून किती लांब आहे ते मोजा. रात्री घराचा नंबर रस्त्यावरून दिसतो का, दारातल्या सायकली हलवता येतात का, मोठे मूल रात्री तीनला कोणाकडे जाईल, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

फोन कधी करायचा हे मिडवाइफ सांगतेच, पण तेही त्याच कागदावर हवे. पहिल्या खेपेला साधारणपणे दर तीन-चार मिनिटांनी मिनिटभराच्या कळा तास-दोन तास येत राहिल्या की. पाणमोट फुटली तर वेळ आणि रंग बघा, पॅड टाकू नका. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, पाळीसारखे रक्त जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, किंवा डोके अजून वर आहे असे शेवटच्या तपासणीत सांगितलेले असताना पाणमोट फुटली असेल, तर कळांची वाट न बघता लगेच.

भारतातून मदतीला येणाऱ्या तुमच्या आईची समजूत घालणे हीसुद्धा तयारीच. २००५ सालच्या जननी सुरक्षा योजनेपासून सरकारने सगळा जोर बाळंतपण दवाखान्यात नेण्यावर लावला, आणि तिच्या पिढीने घरची बाळंतपणे बिघडताना पाहिली आहेत. तिची भीती खुळी नाही. तिकडे गावात किंवा पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ही यादी वापरायची नाही, कारण मागे उभी असलेली व्यवस्था यादीबरोबर जात नाही. व्हिसा ९० दिवसांचा असतो. ती छत्तिसाव्या आठवड्याच्या शेवटी आली तर बाळंतपण लांबले तरी दीड-दोन महिने हाताशी राहते. अळीव, डिंक, सुंठ, बाळंतशोपा आणू देत. डच लोकही बाळ झाले की बिस्किटावर साखर लावलेले, बडीशेपेसारख्या चवीचे अ‍ॅनिसचे दाणे पेरून वाटतात, त्यामुळे मदतनीस बाईशी तिचे सूत लवकर जुळेल. शेक-धुरीला मात्र ठाम नाही म्हणा. बंद खिडक्यांच्या घरात निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. बाळगुटीही नको. जन्मानंतर आठव्या दिवसापासून रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व द्यायचे असते, तो ड्रॉपर आधीच आणून ठेवा.

राहिले नाव. बारसे बाराव्या दिवशी थाटात करा, पण जन्माची नोंद तीन दिवसांत करावी लागते आणि त्यात नाव लागते. नोंद बाळ जिथे जन्मले त्या गावच्या नगरपालिकेत होते. ऐनवेळी शेजारच्या शहरातल्या रुग्णालयात जावे लागले तर नोंदही तिथेच. नावाचे रोमन स्पेलिंग दोघांनी मिळून आधी पक्के करा. बाळाचे भारतीय नागरिकत्व हवे असेल तर वर्षाच्या आत हेगच्या भारतीय दूतावासात नोंद करायची असते, आणि तिथल्या अर्जातही तेच स्पेलिंग जाते.