करार आणि टॉर्टच्या पेपरात या चुका टाळा

समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका गणेश मंडळाने मांडववाल्याशी तोंडी ठरवलं की चतुर्थीच्या आदल्या दिवशी मांडव उभा राहील. तो उभा राहिला दोन दिवस उशिरा, आणि इतका कच्चा की बांबू कोसळून रस्त्याने चाललेल्या बाईंचा हात मोडला. आता उत्तर लिहा.

'लेखी करार नाही, म्हणून दावा नाही' ही हमखास येणारी ओळ. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम १० मोकळी संमती, पक्षांची पात्रता, कायदेशीर प्रतिफल (वचनाच्या बदल्यात दिलेलं काही) आणि उद्देश मागतं. स्टँपपेपर मागत नाही. तोंडी करार सिद्ध करताना घाम फुटतो, ही गोष्ट निराळी.

मंडळ म्हणेल, दोन दिवसांच्या देणग्या बुडाल्या, त्या भरून द्या. लगेच 'हो' लिहू नका. कलम ७३ प्रमाणे नेहमीच्या ओघात होणारं किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेलं नुकसान मिळतं, लांबचं नाही. देणग्यांचं बोलणं तेव्हा झालं होतं का, ते प्रश्नातल्या मजकुरात शोधा.

त्या बाईंना कलम ७३ लावणं तर फारच वाईट. त्यांचा मांडववाल्याशी करारच कुठे होता? त्यांचा दावा निष्काळजीपणाचा, म्हणजे टॉर्टचा: करार नसतानाही दुसऱ्याचं नुकसान केल्याबद्दलच्या दिवाणी भरपाईचा. 'डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन' (१९३२) हा निकाल इथे लिहायचा तो पेयाच्या बाटलीत निघालेल्या गोगलगायीसाठी नव्हे. बाटली मैत्रिणीने विकत घेतली होती, पिणारीचा कोणाशीच करार नव्हता, तरी उत्पादकावर काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, यासाठी. मंडळही जबाबदार का? मांडववाला स्वतंत्र कंत्राटदार होता की मंडळाच्या हुकमातला माणूस, ते आधी ठरवा.

मांडववाला सतरा वर्षांचा निघाला तर? 'मोहोरी बीबी' (१९०३) या निकालानंतर अज्ञानाचा, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्याचा, करार मुळातच व्हॉइड (रद्दबातल) आहे, व्हॉइडेबल (एका पक्षाला हवा तर रद्द करता येणारा) नाही. अठरा पूर्ण झाल्यावर त्याला मान्यता देऊन तो जिवंत होत नाही. इथे थांबणाऱ्यांचे निम्मे मार्क जातात, कारण टॉर्टमध्ये अज्ञान असणं हा सरसकट बचाव नाही. मंडळापासून सुटलेला तोच मुलगा बाईंच्या दाव्यात अडकू शकतो.

फोनवर ठरलेल्या सौद्याला टपालाचा नियम, म्हणजे होकाराचं पत्र टाकलं तिथेच करार झाला हा, लावू नका. 'भगवानदास केडिया' (१९६६) मध्ये सरकीच्या पेंडीची ऑफर अहमदाबादहून गेली, होकार खामगावहून आला. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने करार अहमदाबादला झाला असं धरलं, कारण होकार तिथे ऐकू आला.

नंदेसरीच्या केमिकल कारखान्यातून गॅस सुटल्याचा प्रश्न असेल तर 'रायलँड्स विरुद्ध फ्लेचर' (१८६८) वर थांबू नका. जमिनीवर साठवलेली धोक्याची वस्तू सुटून नुकसान झालं तर चूक नसतानाही जबाबदारी, हा त्याचा नियम. त्यात दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचं कृत्य असे अपवाद आहेत. 'एम. सी. मेहता' (१९८७) मधल्या संपूर्ण दायित्वात धोकादायक उद्योगाला यातला एकही मिळत नाही.