धान्य बाजारात नेण्याआधी: भावाच्या माहितीची तयारी

शेतकरी गटासाठी बाजारभावाची माहिती जमवण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी ही यादी आहे. यातील बहुतेक कामे कापणीच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरू करावीत, कारण मळणी झाली की पैशाची निकड, पावसाची धास्ती आणि दारात उभा असलेला खरेदीदार एकाच वेळी समोर येतात आणि शांतपणे आकडेमोड करण्याची सवड कोणालाच उरत नाही.

या माहितीकडून काय मिळेल, हे आधी नीट समजून घ्यावे. युगांडात रेडिओवरून बाजारभाव प्रसारित होऊ लागल्यावर रेडिओ असलेल्या शेतकऱ्यांना मक्यासाठी बांधावर सुमारे १५ टक्के जास्त भाव मिळाल्याचे एका अभ्यासात आढळले. नायजरमध्ये २००१ ते २००६ या काळात मोबाइल सेवा पोहोचल्यावर निरनिराळ्या बाजारांतील धान्यभावांमधील तफावत १० ते १६ टक्क्यांनी घटली. भारतात मात्र मोबाइल संदेशांतून भाव कळवणाऱ्या सेवेवरील, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेतकऱ्यांच्या पदरात पडलेल्या भावात ठळक फरक दिसला नाही. यावरून माझे मत असे झाले आहे की, भाव कळल्यानंतर शेतकऱ्याला थांबता येत असेल, माल दुसरीकडे नेता येत असेल किंवा निदान कमी बोलीला नकार देता येत असेल, तरच त्या माहितीचे पैसे होतात. म्हणून भाव गोळा करण्याइतकीच तयारी या तीन गोष्टींसाठी करायची आहे.

पहिली नोंद घराची करावी. प्रत्येक सभासदाकडे अंदाजे किती धान्य निघेल, त्यातून वर्षभराच्या खाण्यासाठी आणि बियाण्यासाठी किती बाजूला ठेवायचे, कोणते देणे कोणत्या तारखेला फेडायचे आहे आणि त्यासाठी किमान किती माल लगेच विकावा लागेल, हे एका पानावर लिहून घ्यावे. ही चौकशी नाजूक असते आणि विश्वासाशिवाय खरी उत्तरे मिळत नाहीत. पण ती टाळली तर पुढचा सगळा हिशेब हवेत राहतो. ज्याने पेरणीच्या वेळी व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे आणि माल त्यालाच घालण्याचे कबूल केले आहे, त्याला दूरच्या बाजारातील चढा भाव ऐकवून उपयोग नाही. त्याच्यासाठी आधी त्या उचलीचा मार्ग काढावा लागतो. उत्पादनखर्चही इथेच मांडून ठेवावा, मात्र बाजार तो पाहून भाव देत नाही, हे सभासदांना स्पष्ट सांगावे.

त्यानंतर मालाची प्रत तपासावी, कारण जाहीर झालेला भाव नेहमी एका ठरावीक प्रतीचा असतो. ओलावामापक यंत्र गटाकडे असणे फार मोलाचे आहे. नसेल तर ते भाड्याने किंवा उसने मिळवावे. मका, गहू यांसारखी तृणधान्ये काही महिने साठवायची असतील तर ओलावा साधारण १२ ते १३ टक्क्यांवर आणावा लागतो. वाळवण्यात वजन किती घटेल याचा हिशेब आधीच करावा. १८ टक्के ओलाव्याच्या १०० किलो धान्यात ८२ किलो कोरडा भाग असतो. तेच धान्य १३ टक्क्यांवर आणले की वजन सुमारे ९४.३ किलो भरते. म्हणजे वाळलेल्या मालाला ओल्या मालापेक्षा किलोमागे किमान ६ टक्के जास्त भाव मिळाला तरच वजनातील घट भरून निघते, आणि वाळवण्याची मजुरी त्याहून वेगळी. खरेदीदार ओल्या मालावर यापेक्षा जास्त कपात करत असेल तर वाळवणे परवडते, कमी करत असेल तर लवकर विकणे बरे. काडीकचरा, फुटके दाणे आणि किडलेले दाणे यांचे प्रमाणही दोन-चार पोत्यांतून, वरून आणि तळातून, नमुने काढून मोजून ठेवावे.

आता भाव. प्रत्येक भावासोबत तो कोणत्या दिवसाचा आहे, कोणत्या प्रतीचा, कोणत्या एककाचा, माल कुठे पोहोचवल्यावरचा, पैसे रोख की उधारीचे आणि त्या दिवशी आवक किती होती, ही माहिती नसेल तर तो आकडा वहीत लिहू नये. बाजाराच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात. लोकांच्या तोंडी कमाल भाव राहतो, पण तो कधी कधी चार-दोन पोत्यांनाच मिळालेला असतो. बहुसंख्य माल ज्या भावाने गेला तो सर्वसाधारण भावच तुलनेसाठी घ्यावा. तीन ते चार बाजार आणि दोन-तीन मोठे खरेदीदार, म्हणजे पीठगिरणी, पशुखाद्य कारखाना किंवा तेलगिरणी, ठरवून घ्यावेत आणि दर आठवड्याला त्याच वारी त्यांच्याकडून भाव घ्यावा. एकाच माणसाच्या सांगण्यावर विसंबू नये. शक्य तिथे नुकताच माल विकून आलेल्या शेतकऱ्याची हिशेबपट्टी पाहावी, कारण तिच्यात कपातीही दिसतात. मागील पाच वर्षांचे महिनावार भाव मिळाले तर ते एका कागदावर आलेखाच्या रूपात काढून भिंतीवर लावावेत.

या सगळ्यातून निव्वळ भाव काढायचा असतो, आणि माझ्या मते संपूर्ण यादीत याहून महत्त्वाचे काम नाही. समजा, बांधावर येणारा खरेदीदार १०० देतो आणि दूरच्या बाजारात भाव १०९ आहे. वाहतूक ५, हमाली व तोलाई दीड आणि दलाली २ वजा केल्यावर हातात १००.५ राहतात. बांधावरचे पैसे लगेच मिळतात आणि बाजारातले तीन आठवड्यांनी येणार असतील, तर दरमहा दीड टक्का व्याजाने आणखी सुमारे एक वजा होतो आणि दूरचा बाजार तोट्यात जातो. मात्र दहा जणांनी मिळून पूर्ण गाडी भरली आणि वाहतूक ५ वरून ३ वर आली, तर हेच गणित फिरते. त्यामुळे कोणाचा माल एकाच दिवशी निघू शकेल, गाडी कोणाची, भाडे किती आणि परतीच्या फेरीचा काही उपयोग होईल का, हे आधी विचारून ठेवावे. हा हिशेब सभासदांसमोर, त्यांच्याच आकड्यांनी मांडावा. बांधावर येणारा खरेदीदार प्रत्येक वेळी फसवतोच असे नाही, हेही त्यातून प्रामाणिकपणे दिसून येते. बरेचदा इतकेच होते की शेतकऱ्याला आपला निव्वळ भाव ठाऊक असल्यामुळे त्याच्याशी बोलण्यात जोर येतो.

माल थांबवायचा की नाही, हेही भावनेने ठरवू नये. कापणीच्या वेळी भाव पडतात आणि पुढील पीक येण्याआधी चढतात, हे सर्वसाधारणपणे खरे आहे; पण प्रत्येक वर्षी तसे होत नाही. आजचा भाव १०० धरला आणि चार महिने माल ठेवायचा असेल, तर दरमहा दीड टक्क्याने व्याजाचे ६, साठवण, बारदाना आणि कीडनियंत्रणाचे ३, आणि वजनातील तूट २ टक्के धरल्यावर तेव्हाचा भाव किमान १११ च्या पुढे गेला तरच थांबण्यात अर्थ आहे. मागील पाच वर्षांच्या आलेखात असा चढ किती वर्षी आला, ते मोजावे. दोनच वर्षी आला असेल तर सगळा माल थांबवणे हा जुगार ठरतो. अशा वेळी माल तीन हिश्श्यांत, निरनिराळ्या महिन्यांत विकणे मला जास्त सुरक्षित वाटते. हवाबंद पिशव्यांत ऑक्सिजन संपल्याने कीड मरते, पण ओले धान्य त्यांत भरले तर बुरशी लागते, म्हणून पिशव्या खरेदी करण्याआधी ओलावा मोजण्याची सोय झालेली असावी. गोदामात ठेवलेल्या मालाच्या पावतीवर, म्हणजे गोदाम पावतीवर, कर्ज मिळत असेल तर त्याच्या अटी, विमा आणि व्याजदर आधी वाचून घ्यावेत. केनियात मका उत्पादकांना कापणीच्या वेळी कर्ज दिले तेव्हा त्यांनी माल राखून नंतर विकला आणि गुंतवणुकीवर सुमारे २९ टक्के परतावा मिळवला, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. जिथे कर्ज घेणारे पुष्कळ होते, तिथे मात्र भावांतील चढउतारच कमी झाला आणि प्रत्येकाचा फायदा आटला. सगळा परिसर थांबणार असेल तर हे लक्षात ठेवावे.

जागतिक बाजाराकडे महिन्यातून एकदा पाहणे पुरते. जी-२० देशांनी २०११ साली उभारलेली कृषी बाजार माहिती प्रणाली गहू, मका, तांदूळ आणि सोयाबीन या चार पिकांच्या जागतिक पुरवठ्यावर लक्ष ठेवते, आणि अमेरिकेचे कृषी खाते दरमहा मागणी-पुरवठ्याचे अंदाज प्रसिद्ध करते. ज्या पिकाची आयात-निर्यात होते त्याच्यासाठी हे उपयोगी आहे. जे पीक आसपासच खपते, त्याच्यासाठी शेजारच्या जिल्ह्यातील पाऊस अधिक सांगून जातो. सरकारी निर्णयांवर नजर असावी, कारण रशियाने ऑगस्ट २०१० मध्ये गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा जगभर गव्हाचे भाव उसळले, आणि निर्यातदार देशातल्या शेतकऱ्याला अशा बंदीचा फटका उलट बाजूने बसतो, म्हणजे त्याच्याकडचा भाव दबतो.

माहिती पोहोचवण्याची वेळ आणि भाषा आधी ठरवावी. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, बोलक्या संदेशातून, त्या भागात वापरतात त्याच मापात निव्वळ भाव सांगावा, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही तो कळेल. घरातील धान्य राखणाऱ्या स्त्रियांपर्यंत तो थेट पोहोचतो का, हे मुद्दाम तपासावे. भाव पुढे किती होईल याचे भाकीत संदेशात घालू नये. ते चुकले तर नुकसान दुसऱ्याच्या घरात होते.

विक्रीच्या दिवशी ठरावीक वजनाची मापे सोबत नेऊन काटा तपासावा, बोली मान्य करण्याआधी कपातींसह अंतिम रक्कम तोंडी नव्हे तर लेखी घ्यावी, आणि पावतीवर वजन, ओलावा, भाव व चुकाऱ्याची तारीख लिहून घ्यावी. परतल्यावर त्याच दिवशी प्रत्यक्ष हाती पडलेला निव्वळ भाव आधीच्या अंदाजाशेजारी वहीत लिहावा आणि दोन्हींत फरक पडला असेल तर तो वाहतुकीत पडला, वजनात की प्रतीत, हे समोर नोंदवावे. पुढील हंगामात पहिल्या दिवशी हेच पान उघडायचे आहे.