टेन्साइल पास, चुंबकत्व नापास: वीजयंत्रांच्या पोलादी कास्टिंगची चाचणी घेताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव पट्ट्यात पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग ओतणाऱ्या फाउंड्रीला कधीतरी डीसी मोटरच्या योकची (बाहेरच्या पोलादी कड्याची) किंवा लिफ्टिंग मॅग्नेटच्या बॉडीची ऑर्डर येते. वजन ओळखीचं, पॅटर्न सोपा, त्यामुळे तपासणीही नेहमीचीच होते: केमिकल, टेन्साइल (तुकडा ओढून ताकद मोजणं), अल्ट्रासॉनिक, आणि माल गाडीत. पण व्हॉल्व्हच्या पोलादाला दाब सोसायचा असतो, योकच्या पोलादातून फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, वाहायचा असतो. टेन्साइल मशीन त्याबद्दल एक अक्षरही सांगत नाही.

उलट ताकद वाढवायला आपण जे करतो, तेच इथे नडतं. कार्बन आणि मँगेनीज वाढलं की ताकद वाढते, पर्मिएबिलिटी (फ्लक्सला वाट देण्याची क्षमता) उतरते. म्हणूनच ब्रिटिश मानक बीएस ३१०० ने चुंबकीय कामासाठी एएम१ आणि एएम२ अशा वेगळ्या ग्रेड ठरवल्या, आणि एएम१ मध्ये कार्बनची मर्यादा ०.१५ टक्के ठेवली. नॉर्मलायझिंगचंही तसंच. तापवून हवेत थंड केलं की ग्रेन (धातूचा कण) बारीक होतो, टेन्साइलचा आकडा छान येतो. पण चुंबकत्वाला हवं असतं ते भट्टीतच सावकाश थंड होणारं ॲनीलिंग.

सगळ्यात महागात पडणारी चूक टेस्ट बारची, म्हणजे चाचणीची रिंग ज्यातून कापतात त्या तुकड्याची. बार त्याच हीटचा (एका वेळी वितळवलेल्या पोलादाचा) आहे, एवढ्यावर लोक समाधान मानतात. पण तो कास्टिंगच्याच भट्टीत, त्याच चार्जमध्ये (एका वेळी भट्टीत घातलेल्या मालात) बसला होता का? मी एकदा एका योकच्या तक्रारीत अडकलो होतो. रिंगचा निकाल उत्तम, मोटर मात्र फील्डचा करंट जास्त ओढत होती. दोन दिवस आम्ही वाइंडिंगला दोष देत बसलो. मग भट्टीच्या तापमानाचा चार्ट काढला, तेव्हा कळलं की बार छोट्या, बंद मफल भट्टीत निवांत ॲनील झाला होता आणि योक मोठ्या भट्टीतून गरम असतानाच बाहेर ओढला होता, कारण पुढचा चार्ज थांबला होता. तेव्हापासून बार कास्टिंगला जोडूनच ओता आणि ॲनीलिंग झाल्यावरच तोडा, हे मी प्रत्येकाला सांगतो. चार्टची प्रत रिपोर्टला लावा.

आता रिंग चाचणी. रिंगवर दोन वाइंडिंग गुंडाळायची, एकातून करंट सोडायचा, दुसरं फ्लक्समीटरला जोडायचं. बी-एच कर्व्ह, म्हणजे किती चुंबकीय क्षेत्राला पोलादात किती फ्लक्स बसतो त्याचा आलेख, हातात येतो. इथे लेथवर घाईने केलेलं टर्निंग घात करतं. बोथट टूल आणि खोल कट यामुळे रिंगच्या कातडीत ताण बसतो आणि चांगलं पोलादही वाईट दिसतं. शेवटचे कट हलके घ्या. दुसरी गोष्ट रिंगच्या मापाची. बाहेरचा व्यास १२० मिमी आणि आतला ६० मिमी घेतला, तर आतल्या कडेचं चुंबकीय क्षेत्र बाहेरच्या कडेच्या दुप्पट होतं, मग तुम्ही नक्की कुठला आकडा लिहिणार? १०० आणि ८० मिमी घेतले तर सरासरी व्यास ९० मिमी, फ्लक्सचा मार्ग सुमारे ०.२८३ मीटर, २०० वेढे आणि ४ अँपिअरला क्षेत्र सुमारे २८३० अँपिअर प्रति मीटर. हा आकडा जवळजवळ अख्ख्या रिंगला लागू पडतो. चाचणीआधी रिंग डीमॅग्नेटाइझ करा, नाहीतर कर्व्ह मागच्या चुंबकत्वाची भर घेऊन सुरू होतो. फ्लक्समीटरचा ड्रिफ्टही आधी शून्यावर आणा.

आणि एकाच उंच बिंदूवर मोजून थांबू नका. सॅच्युरेशनजवळ, म्हणजे पोलादात आणखी फ्लक्स मावेनासा होतो तिथे, गेलं की चांगलं आणि मध्यम पोलाद जवळपास सारखंच दिसतं. खरा फरक कर्व्हच्या खालच्या आणि गुडघ्याच्या (कर्व्ह वळतो त्या) भागात कळतो.

अल्ट्रासॉनिक हीट ट्रीटमेंटनंतरच घ्या, एवढंच सांगतो. ओतीव स्थितीतला भरड ग्रेन आवाज गिळतो आणि स्क्रीनवर बारीक खोट्या रेघांचं गवत उगवतं.

वेल्डिंगने केलेली दुरुस्ती मात्र नीट बघा. फेटलिंगमध्ये (कास्टिंगच्या साफसफाईत) ब्लोहोल, म्हणजे वायूचं छिद्र, उघडा पडला की वेल्डर हाताशी असलेला स्टेनलेस रॉड घेतो, कारण तो तडकत नाही. अशा ऑस्टेनायटिक स्टेनलेसचा भरणा चुंबकीय नसतो. फ्लक्सच्या वाटेत तो जवळपास हवेच्या फटीसारखाच वागतो. ग्राइंडिंगनंतर डोळ्याला काही दिसत नाही, पण मॅग्नेटिक पार्टिकल चाचणीत भरण्याच्या कडेने पावडरची गोल रेघ उमटते. तिला भेग समजून पुन्हा खोदू नका. आधी साधा मॅग्नेट लावून बघा. तो तिथे घसरला, तर सगळा भरणा काढा आणि जुळत्या कमी कार्बनच्या रॉडने भरून कास्टिंग पुन्हा भट्टीत घाला.

लिफ्टिंग मॅग्नेटच्या खालची मँगेनीज स्टीलची प्लेट मात्र अचुंबकीयच हवी असते, पण तिला मॅग्नेट चिकटला म्हणून लगेच नापास करू नका. ओतताना आणि भट्टीत तिच्या कातडीतला कार्बन, मँगेनीज जळतं आणि तेवढा पातळ थर चुंबकीय होतो. एक जागा मिलीमीटर-दोन मिलीमीटर घासा आणि मग मॅग्नेट लावा.