मुक्काम एक, गावं सहा: बेल्जियम आपलं आपण कसं फिरावं

आमच्या गल्लीतली तीन घरं बेल्जियमला जाऊन आली आणि तिघांच्याही मोबाईलमध्ये एकच फोटो आहे. ब्रसेल्समधल्या त्या शू करणाऱ्या पोराच्या पुतळ्यापुढे सगळे हसत उभे. पुतळा पुरता दोन फूटसुद्धा नाही. युरोपच्या टूरमध्ये बेल्जियमच्या वाट्याला येतात दोन तास, त्यातला निम्मा वेळ बसमधून उतरण्यात आणि शौचालयाच्या रांगेत. मग घरी येऊन म्हणायचं, "तिथं काही बघण्यासारखं नाही हो."

माझी लेक लूव्हनच्या विद्यापीठात संशोधन करते, त्यामुळे तीन उन्हाळे आमचं तिकडे जाणं झालं. सोबत आमचे हे, मिरज जंक्शनवर बत्तीस वर्षं रेल्वेत काढलेले, गुडघे दुखतात पण गाडी दिसली की विसरतात. लेक दिवसभर कामावर, मग आम्ही दोघंच डबा घेऊन बाहेर पडायचो. हे सांगतेय ते त्या अनुभवातून.

आधी देशाचा आकार डोक्यात बसवा. आपले पुणे आणि नाशिक हे दोन जिल्हे जोडले की झालं बेल्जियम. म्हणजे महाराष्ट्राचा दहावा हिस्सा. ब्रसेल्सहून गेंट साधारण अर्धा तास, अँटवर्प पाऊण तास, ब्रुज तासभर. सांगलीहून तासगावला एसटीनं जायला लागतो तेवढाच वेळ. तेव्हा दर दोन दिवसांनी हॉटेल बदलत, बॅगा ओढत फिरू नका. तिथल्या जुन्या गावांत रस्ते दगडी फरसबंदीचे. बॅगेची चाकं तिथं रडतात आणि आपण त्यांच्याहून जास्त. एका गावात खोली घ्या आणि रोज सकाळी गाडीनं जा, संध्याकाळी परत या.

हे एक गाव कोणतं? लोक ब्रसेल्स धरतात. मी म्हणेन मेखेलन. ब्रसेल्स आणि अँटवर्पच्या बरोबर मधे, विमानतळावरून थेट गाडी, लूव्हनलाही थेट गाडी, आणि गाव एवढं आटोपशीर की दुसऱ्या दिवशी पाववाला ओळख देतो. युरोपच्या मुख्य भूमीवरची वाफेच्या इंजिनावरची पहिली प्रवासी रेल्वे 1835 साली ब्रसेल्स ते मेखेलन अशीच धावली. आपली बोरीबंदर-ठाणे त्यानंतर अठरा वर्षांनी. हे ऐकल्यापासून आमच्या ह्यांनी मेखेलनच्या स्टेशनाला तीर्थक्षेत्राचा दर्जा दिला.

तिथल्या सेंट रम्बोल्ड कॅथेड्रलच्या बुरुजाला 538 पायऱ्या आहेत. मी चढले, हे खाली कॉफी पीत बसले. 1687 साली एका रात्री धुक्यातून चंद्राचा तांबूस उजेड त्या बुरुजावर पडला, लोकांना वाटलं आग लागली, बादल्या घेऊन अख्खं गाव धावलं. तेव्हापासून मेखेलनकरांना नाव पडलं ते "चंद्र विझवणारे". आता ते स्वतःच हे नाव कौतुकानं मिरवतात.

गाडीचं तिकीट मोबाईलवर किंवा स्टेशनच्या यंत्रावर काढा. देशातल्या गाड्यांना आरक्षण नसतं, ठरावीक गाडीच पकडायची असंही नसतं. एक गेली तर मागची. पण तिकीट न काढता चढलात आणि गाडीत काढायला गेलात तर जास्तीचा आकार पडतो. सवलतींचे प्रकार बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी रेल्वेच्या ॲपमध्ये शनिवार-रविवारचे आणि ज्येष्ठांचे दर जरूर बघा. संप असेल तर तोही आधी जाहीर होतो. ट्राम-बसमध्ये कार्ड टेकवलं की काम झालं. एक मात्र लक्षात ठेवा, ट्राम माणसासाठी थांबत नाही. झेब्रा क्रॉसिंग असलं तरी आधी ट्राम, मग आपण.

आता खरी गोम. देश एक, पण उत्तरेत डच, दक्षिणेत फ्रेंच, पूर्वेच्या एका कोपऱ्यात जर्मन आणि ब्रसेल्समध्ये डच-फ्रेंच दोन्ही. गावांची नावंही त्याप्रमाणे बदलतात. गाडीतल्या सूचनासुद्धा भाषेची हद्द ओलांडली की बदलतात; आपल्याकडे कागल ओलांडलं की पाट्या कन्नड होतात ना, तसंच. एकदा आम्हाला लूव्हनहून लिएजला जायचं होतं. फलाटावर गाडी आली, पाटीवर "लाउक". आम्ही निवांत बाकावर बसून ती जाऊ दिली. बत्तीस वर्षांच्या नोकरीचा माणूस शेजारी, आणि दोघांनाही पत्ता नाही की लाउक म्हणजेच लिएज. ह्यांनी त्या दिवशी घरी कुणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं. तर तुम्ही वहीत लिहून ठेवा: लिएज म्हणजे लाउक, माँस म्हणजे बेर्खेन, नाम्यूर म्हणजे नामेन, कोर्त्रे म्हणजे कोर्त्रेक, अँटवर्प म्हणजे आँव्हेर, आणि फ्रान्समधलं लील म्हणजे रेसल. लूव्हनला जायचं असताना लूवँ-ला-नव्हला जाऊ नका. विद्यापीठातल्या भाषेच्या भांडणातून फ्रेंच बाजूनं 1970च्या दशकात नवीन गाव वसवलं, ते हे.

आणि ब्रसेल्सचं "मिडी" स्टेशन. मिडी म्हणजे मधलं नव्हे, दक्षिणेकडचं. लंडन-पॅरिसच्या गाड्या तिथं येतात आणि खिसेकापूही. तुम्हाला ग्रां प्लास हा शहराचा जुना मुख्य चौक बघायचा असेल तर "सेंट्रल"ला उतरा, तिथून पायी पाच-सात मिनिटं.

व्हिसाबद्दल थोडक्यात: जास्त रात्री जिथं काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा, विमा निदान 30,000 युरोचा हवा. सामानात मात्र चूक करू नका. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. आम्ही भडंग नेतो. तीन डबे. रविवारी दुकानं बहुतेक बंद असतात तेव्हा भडंगाचं मोल कळतं.

खाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण शाकाहारी माणसाची फसगत इथं होते. पहिल्या वर्षी एका खानावळीत मी ह्यांच्यासाठी टोमॅटो सूप मागवलं. टोमॅटो म्हणजे टोमॅटो, त्यात काय विचारायचं? वाटी आली, लालभडक, वर वाफ. चमचा घातला आणि तळातून बोराएवढे पाच-सहा गोळे वर आले. ह्यांना वाटलं कोफ्ते असतील. मी पोरीला फोटो पाठवला, तिचं उत्तर आलं, "आई, खाऊ नका, खिमा आहे." तिथं टोमॅटो सुपात मांसाचे गोळे घालायची पद्धतच आहे, कार्डावर लिहिलेलंही होतं, आपल्याला वाचता येईना एवढंच. आणि बटाट्याच्या फ्राइज! दोनदा तळतात, कागदी कोनात देतात, चव अप्रतिम, पण पारंपरिक दुकानांत त्या गाईबैलाच्या चरबीत तळतात. म्हणून आधी विचारा, वनस्पती तेल आहे का. बऱ्याच ठिकाणी हल्ली असतं. पाठ करायला दोन वाक्यं देते. डच भागात "झोंडर फ्लेस, झोंडर फिस", फ्रेंच भागात "साँ व्यांद, साँ प्वासों". मांस नको, मासा नको. नुसतं "व्हेज" म्हणालात तर मासा येऊ शकतो. एरवी इंग्रजी बहुतेक ठिकाणी चालतं. गेंट-अँटवर्पमध्ये मोडकं फ्रेंच फेकण्यापेक्षा सरळ इंग्रजी बोला, त्यांना ते बरं वाटतं.

गेंटला शक्यतो गुरुवारी जा. 2009पासून त्या शहरानं गुरुवार हा शाकाहाराचा वार धरलाय. दत्तगुरूंचा वार तिकडेही पाळतात म्हणून आमच्या जाऊबाईंना मी फोन करून सांगितलं, तर त्यांचा विश्वास बसेना! गेंटचं स्टेशन गावापासून दोनेक किलोमीटर लांब आहे, ट्रामनं जा. सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये व्हॅन आइकचं 1432 सालचं मोठं घडीचं चित्र आहे, त्यासाठी वेळ ठरवून तिकीट आधीच काढा. त्यातली एक फळी 1934 साली चोरीला गेली, अजून सापडलेली नाही. तिथं नक्कल बसवलीय. मधल्या कोकराकडे नीट बघा. जुना रंग काढल्यावर खालून जो चेहरा निघाला तो माणसासारखा रोखून बघतो. मी दहा मिनिटं त्याच्यासमोर उभी होते. बाहेर आल्यावर नदीकाठी, ग्रासलेवर, पायऱ्यांवर बसून डबा खायला कुणी हटकत नाही.

ब्रुजच्या बाबतीत माझा नियम उलटा. एक रात्र राहायची असेल तर तिथं राहा, तीही शनिवार-रविवार सोडून. सकाळी दहानंतर बसगाड्या येतात आणि बाजारचौकात आषाढीची गर्दी होते. संध्याकाळी सहानंतर सगळे परत. मग कालव्यांवर हंस, घंटाघराची घंटा आणि आपण. त्या घंटाघराला 366 पायऱ्या, गुडघेवाल्यांनी खालूनच ऐकावी. दिवसा वेळ असेल तर चर्च ऑफ अवर लेडीमधली मायकेलअँजेलोची मूर्ती बघा. घोडागाडी घेऊ नका, पायी फिरायचं गाव आहे.

लूव्हनचं टाउन हॉल म्हणजे दगडात केलेली जाळीची नक्षी, भिंतींवर 236 पुतळे. बेखाइनहोफ म्हणजे पूर्वी धार्मिक व्रत घेतलेल्या बायका राहायच्या ती वस्ती, तिथं शांतपणे हिंडा, आज तिथं विद्यापीठाची माणसं राहतात. ग्रंथालय 1914 आणि 1940 अशा दोन्ही महायुद्धांत जळलं आणि दोन्ही वेळा उभं राहिलं. अर्धा दिवस पुरे. लिएजला गेलात तर कालात्राव्हा या वास्तुशिल्पीनं बांधलेलं स्टेशन बघा आणि साखरेचे खडे घातलेलं गरम वॉफल खा. बाकी मला ते गाव फारसं भावलं नाही.

सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. आम्ही सोमवार अँटवर्पला ठेवतो, कारण तिथलं सगळ्यात भारी काम फुकट आहे. आधी स्टेशन. 1905 साली पूर्ण झालेलं, 75 मीटर उंच घुमट, आणि गाड्या एकावर एक तीन मजल्यांवर. हे वर बघत म्हणाले, "आमच्या मिरजेला तीन रुंदीचे रूळ होते, तीन गेज." स्टेशनला लागूनच हिऱ्यांचा बाजार. तिथं गुजराती कानावर पडतं, पालनपूरकडच्या जैन कुटुंबांनी या धंद्यात मोठं नाव कमावलंय, आणि विल्रेक भागात त्यांचं संगमरवरी देरासर, म्हणजे जैन मंदिर, आहे. शुद्ध शाकाहारी जेवण हवं तर याच वस्तीच्या आसपास चौकशी करा.

मग चालत नदीकडे या आणि सेंट अॅना बोगद्यात उतरा. 1933 साली स्खेल्ड नदीखालून काढलेला, 572 मीटर लांब, फक्त पायी आणि सायकलवाल्यांसाठी. खाली नेणारे सरकते जिने लाकडी आहेत, त्या काळचेच. पायाखालच्या फळ्या करकरतात, लाकडाचा आणि वंगणाचा वास येतो, आणि शेजारून एखादी बाई भाजीची टोपली लावलेली सायकल हाताशी धरून तशीच जिन्यावर उभी असते. खाली पांढऱ्या फरश्यांची सरळ नळी, थंडगार. पलीकडे वर आलात की कॅथेड्रलच्या 123 मीटर उंच शिखरासकट अख्खं अँटवर्प नदीपल्याड दिसतं. आम्ही पलीकडे अर्धा तास बसलो, भडंग संपवलं. परतताना हे त्या जिन्यानं वर आले, पुन्हा खाली गेले आणि पुन्हा वर आले. गुडघ्याचं नाव नाही.

ब्रसेल्स शेवटी ठेवा, एक दिवस. ग्रां प्लास सकाळी बघा आणि रात्री दिवे लागल्यावर पुन्हा बघा. 1695 साली फ्रेंच तोफांनी तो जवळजवळ सगळा उडवला होता, व्यापारी संघांनी काही वर्षांत पुन्हा उभा केला. ॲटोमियम ही अणूच्या आकाराची भलीमोठी इमारत लांबून पुरे. शू करणारं पोर वाटेत लागलं तर लागलं.

शौचालयासाठी सुटे पन्नास सेंट, युरोचं नाणं खिशात असू द्या. हॉटेलात पाणी विकत मिळतं, म्हणून बाटली नळावर भरून न्या, नळाचं पाणी चांगलं असतं. आणि परतीचं तिकीट स्वस्त दिसलं तर विमानतळाचं नाव आधी तपासा. "ब्रसेल्स साउथ" म्हणजे शार्लरॉय, ब्रसेल्सपासून पन्नासेक किलोमीटर.

चॉकलेट शेवटच्या दिवशी घ्या आणि आत दारू आहे का विचारून घ्या, काही प्रालीनमध्ये, म्हणजे सारण भरलेल्या चॉकलेटांत, असते. मे महिन्यात परतणार असाल तर मऊ सारणाची घेऊच नका, साध्या वड्या घ्या. आमचा पहिल्या वर्षीचा डबा मुंबईहून सांगलीला पोचेपर्यंत चमच्यानं खायच्या लायकीचा झाला होता.