शस्त्रक्रियेनंतर लेझर उपचार घेताना काय विचारावे आणि काय मोजावे

इंदूरच्या मराठी घरांत ‘लेझर’ हा शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. मूळव्याध लेझरने काढली किंवा मुतखडा लेझरने फोडला असे आपण म्हणतो, तेव्हा तो लेझर म्हणजे शल्यचिकित्सकाचे हत्यार असते. शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर दुखणे आणि सूज उतरावी म्हणून फिजिओथेरपिस्ट जो लेझर लावतात, तो कापण्यासाठी किंवा जाळण्यासाठी नसतो. त्याला आपल्याकडे हिंदीच्या सवयीने सर्रास ‘लेझरची सिंकाई’ म्हटले जाते, आणि शेक जितका जास्त वेळ घ्यावा तितका बरा, ही समजूतही त्या शब्दाच्या पाठोपाठ येते. प्रत्यक्षात हा शेक नव्हे. औषधाच्या गोळीप्रमाणे हा मोजून द्यायचा डोस आहे, आणि ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुचतात.

या उपचाराचा उगम बुडापेस्टमधला. एंद्रे मेस्टर या डॉक्टरांना 1967 च्या सुमारास प्रयोगात असे दिसले, की पाठीवरचे केस काढलेल्या उंदरांवर मंद लेझरचा प्रकाश टाकला की तिथले केस लवकर उगवतात. पुढे जखमा भरण्यासाठी त्याचा वापर होऊ लागला. साधारण 600 ते 1000 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल किंवा अवरक्त प्रकाश त्वचेखाली काही अंतरापर्यंत पोचतो, पेशींमधील मायटोकाँड्रियात असलेले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) तो शोषून घेते, पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते आणि दाह कमी होण्यास मदत होते, असे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. मात्र येथे एक मेख आहे. फार कमी प्रकाशाने काहीच होत नाही, योग्य प्रकाशाने फायदा होतो आणि फार जास्त प्रकाशाने तो फायदा पुन्हा नाहीसा होतो. म्हणून ‘आज पाच मिनिटे जास्त लावा’ ही विनंती प्रेमापोटी केली असली तरी रुग्णाच्या हिताची नसते.

अपेक्षा किती ठेवावी, हेही आधीच ठरवलेले बरे. कर्करोगाच्या उपचारांमुळे तोंड येते, ते टाळण्यासाठी या प्रकाशोपचाराला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्थान मिळालेले आहे. सांधेबदल, अस्थिभंग किंवा अक्कलदाढ काढल्यानंतरच्या सूज-वेदनांबाबत मात्र निष्कर्ष संमिश्र आहेत; काहींना स्पष्ट आराम पडतो, काहींना फारसा फरक जाणवत नाही. तेव्हा हा पूरक उपचार आहे. तो व्यायामाची किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामकांची जागा घेत नाही.

पहिले पाऊल फिजिओथेरपिस्टकडे नव्हे, तर शल्यचिकित्सकाकडे टाकावे. जखमेची स्थिती पाहून लेझर केव्हा सुरू करावा, हे त्यांनी सांगायचे असते. त्यांना पुढील बाबी न विचारताही सांगाव्यात: त्या भागात पूर्वी कर्करोग झाला होता का, रुग्ण गरोदर आहे का, थायरॉईडचा काही विकार आहे का, आणि डॉक्सिसायक्लिनसारखे, ज्यामुळे त्वचा उजेडाला हळवी होते असे एखादे औषध चालू आहे का. सांध्यात बसवलेल्या धातूची भीती अनेकांना वाटते. परंतु कमी शक्तीच्या लेझरने आतला धातू तापत नाही, त्यामुळे केवळ त्या कारणाने नकार देण्याची गरज नसते.

आता माझा स्वतःचा अनुभव. आईचा गुडघा बदलल्यानंतर आम्ही घराजवळच्या एका केंद्रात गेलो. तिथे रोज ‘दहा मिनिटे’ मशीन लावले जाई. तरंगलांबी किती, शक्ती किती, डोस किती, यातले काहीही कार्डावर लिहिलेले नसे. मी विचारले तेव्हा ‘मशीन सेट केलेले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. नुसती मिनिटे सांगणे म्हणजे गोळी किती मिलिग्रॅमची हे न सांगता ‘दोन घ्या’ म्हणण्यासारखे आहे. हिशेब अगदी सोपा आहे: वॅटमधील शक्तीला सेकंदांनी गुणले की जूलमधील ऊर्जा मिळते. 100 मिलिवॅटचा, म्हणजे 0.1 वॅटचा प्रोब (यंत्राचा त्वचेवर धरायचा, प्रकाश सोडणारा भाग) एका बिंदूवर 40 सेकंद धरला तर 4 जूल होतात. 200 मिलिवॅटच्या प्रोबला त्याच 4 जूलसाठी 20 सेकंदच लागतात. 500 मिलिवॅटपर्यंतची यंत्रे ‘वर्ग 3 बी’मध्ये मोडतात आणि त्याहून शक्तिशाली यंत्रे ‘वर्ग 4’मध्ये. वर्ग 4 चा प्रोब एका जागी स्थिर न धरता सतत फिरवावा लागतो, कारण तो त्वचा खरोखर भाजू शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी यंत्राचा वर्ग, तरंगलांबी, प्रत्येक बिंदूवरील जूल आणि बिंदूंची संख्या या चार गोष्टी विचारून वहीत लिहून घ्याव्यात. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे. राग आला तर तेही एक उत्तरच समजावे.

येथे आपल्या दृष्टीने महत्त्वाची आणखी एक बाब आहे. लेझर उपचाराच्या जागतिक संघटनेने सुचवलेले डोस गोऱ्या त्वचेसाठी आहेत, असे त्यांच्या डोसच्या तक्त्यातच नमूद केलेले आहे. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक प्रकाश शोषते, त्यामुळे वर्ग 4 च्या यंत्राने ती लवकर तापते. गोंदण असलेल्या जागीही हेच होते, आणि आपल्याकडच्या वयस्क बायकांच्या हातापायांवर अनेकदा गोंदण असते. कोमट लागले तर ठीक. चटका जाणवला तर लाज न बाळगता लगेच सांगावे.

उपचाराच्या दिवशी तो भाग स्वच्छ आणि कोरडा ठेवावा. महानारायण तेल, हळदीचा लेप, बाम यांपैकी काहीही लावून जाऊ नये, आणि हे घरातील मोठ्यांना आदल्या दिवशीच बजावून ठेवावे. टाके असताना प्रोब जखमेवर टेकवू नये. तो किंचित वर धरतात किंवा जखमेच्या कडेने फिरवतात. रुग्ण, थेरपिस्ट आणि खोलीतील इतर सर्वांनी त्या तरंगलांबीसाठी बनवलेले चष्मे घालायलाच हवेत. साधा गॉगल चालत नाही. 808 नॅनोमीटरसारखा अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. जो लाल ठिपका दिसतो तो बहुधा केवळ जागा दाखवण्यासाठी असतो. चष्मे नसतील तर त्या दिवशी उपचार न घेता परत यावे.

लेझर उपचाराच्या त्याच जागतिक संघटनेच्या शिफारशीनुसार दोन आठवडे रोज, किंवा तीन ते चार आठवडे एक दिवसाआड उपचार घ्यावा. लोकमान्य नगरातून पलासियापर्यंत नुकताच गुडघा बदललेल्या माणसाला गतिरोधकांवरून रिक्षाने रोज नेणे हे स्वतःच एक दुखणे आहे, म्हणून जवळचे केंद्र निवडावे, आणि वीस बैठकांचे पॅकेज आधी न भरता चार-पाच बैठकांचेच पैसे भरावेत. दरम्यान, वहीत रोज एकाच वेळी तीन नोंदी कराव्यात: वेदना शून्य ते दहापैकी किती, वाटीच्या मध्यावरून शिंप्याच्या टेपने मोजलेला गुडघ्याचा घेर, आणि गुडघा किती अंशांत वाकतो. लेझर झाल्यावर त्याच बैठकीत व्यायाम करून घ्यावा. दुखणे थोडे हलके झालेले असते तेवढ्यात गुडघा वाकवून घेण्यातच या उपचाराचे खरे मोल आहे. नुसता लेझर घेऊन घरी येऊन पडून राहणाऱ्याचा गुडघा वाकत नाही.

पोटरी अचानक सुजली व दुखू लागली, जखमेभोवतीची लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप चढला, तर लेझर थांबवून त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवावे. पोटरीत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असताना तिथे मालिश किंवा कोणतेही मशीन लावू नये. पोटरीच्या सुजेसोबत दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

पाच-सहा बैठकांनंतर वहीतील आकडे जराही हलले नसतील, तर ती वही थेरपिस्टसमोर ठेवून डोस बदलायचा की उपचार बंद करायचा हे विचारावे. आम्ही केंद्र बदलले तेव्हा नव्या थेरपिस्टबाईंनी सर्वांत आधी वहीच मागितली आणि पहिल्या आठवड्यातील घेराचे आकडे पाहून प्रोबची जागा गुडघ्याच्या आतल्या बाजूला सरकवली.