स्वस्त ओपन-बॅक हेडफोन: घ्यावा कसा, कानाजोगा करावा कसा

ओपन-बॅक हेडफोनच्या वाटीची मागची बाजू जाळीची असते. बंद हेडफोनात आवाज काढणाऱ्या पडद्यामागची हवा कोंडते, इथे ती जाळीतून मोकळी ये-जा करते. म्हणून आवाज डोक्यात घुमत नाही, कानांच्या जरा बाहेर पसरतो, आणि दोन-तीन तास ऐकलं तरी डोकं जड होत नाही. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ बाजारात आणला, तेव्हापासून ही तऱ्हा चालत आली आहे. तोटाही त्याच जाळीत आहे: तुमचं गाणं शेजारच्याला ऐकू जातं आणि स्वयंपाकघरातली फोडणी तुम्हाला.

स्वस्त हेडफोनवर वेळ आणि पैसा घालवायचा तो तीन तास सुखाने डोक्यावर राहावा म्हणून. आवाजाची डागडुजी त्यानंतर. हा क्रम पाळलात तर निम्म्या डागडुजीची वेळच येत नाही.

१. आधी जागा आणि वेळ

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि घराघरात कूलर धडधडतो. ओपन-बॅक तो आवाज जराही अडवत नाही. मग माणूस नकळत व्हॉल्यूम चढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे: ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास चालतील, ८५ ला साडेबारा, ९० ला फक्त चार. कूलरच्या वर ऐकू यावं म्हणून १० डेसिबल वाढवले की आठवड्याचं ऐकणं एका दुपारीच संपलं.

तेव्हा उन्हाळ्यात ऐकायचं ते रात्री उशिरा, गच्चीवर नाहीतर धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर. तिथे वारा असतो, कूलर नसतो. झोपलेल्या मंडळींपासून दोन खाटांचं अंतर ठेवलं की कुणाची तक्रार येत नाही. खालून हाक आली तरी ऐकू येते. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं लेकरू असेल तर ही सोय किती मोठी आहे ते वेगळं सांगायला नको. एस.टी. आणि रेल्वेसाठी मात्र ही जात नाहीच.

२. खरेदी

परवडणारा म्हणजे माझ्या लेखी दहा हजारांच्या आतला. कॉसचे पोर्टा प्रो, केपीएच३०आय आणि कानाला अडकवायचा केएससी७५ हे वजनाला हलके आणि फोनवर सहज वाजणारे. पोर्टा प्रो तर १९८४ पासून जवळपास त्याच रूपात विकला जातोय. अख्खा कान आत मावायला हवा असेल तर फिलिप्सचा एसएचपी९५०० बघा: ३२ ओहम (हा विद्युतरोध; कमी असला की फोनवर सहसा सहज वाजतो), ऐसपैस वाट्या, केबल काढता येते. सुपरलक्सचे एचडी६८१ आणि एचडी६६८बी, सॅमसनचा एसआर८५० हे सेमी-ओपन, म्हणजे अर्धवट उघड्या पाठीचे. स्वस्त आहेत, वरचा सूर बोचरा आहे, आणि म्हणूनच डागडुजीचा हात बसवायला उत्तम. एकेजीचा के२४० त्याच वळणाचा, ५५ ओहमचा, जरा सभ्य. हायफायमनच्या एचई४००एसईचे २५ ओहम बघून फसू नका. त्याची संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या ताकदीवर तो किती मोठा वाजतो ती, ९१ डेसिबलच आहे; साध्या डोंगलवर, म्हणजे फोनला लावायच्या छोट्या जॅक अडॅप्टरवर, तो मरगळलेला वाजतो. बाकीच्यांना फोन किंवा साधा डोंगल पुरतो. ॲपलचा डोंगल चांगला आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फार लहान येतो, हे विकत घेण्याआधी लक्षात असू द्या.

आणि अहिराणी गाण्यांवर लग्नातल्या बँडचा दणका छातीत बसायला हवा असेल, तर इथेच थांब भो आणि बंद हेडफोन घे. कोंडलेली हवा नाही म्हणून ओपन-बॅकचा खर्ज खाली खाली विरत जातो. थोडा वाढवता येतो, पण बांधणीच तशी आहे.

३. दाब आणि पॅड

नवा हेडफोन आला की पहिला आठवडाभर काही उघडू नका, नुसतं ऐका. कुठे दुखतं ते लक्षात ठेवा. जबड्याच्या वर दोन्ही बाजूंनी दाब जाणवत असेल तर रात्रभर तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवा. गठ्ठा डोक्याच्या रुंदीपेक्षा बोटभरच जास्त असावा. धातूची पट्टी असेल तर दोन-तीन रात्रींत फरक पडतो. प्लॅस्टिकच्या पट्टीला हेअर ड्रायर वगैरे दाखवू नका, आणि उन्हाळ्यात उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत हेडफोन ठेवू नका. प्लॅस्टिक वाकडं होतं, गोंद सुटतो.

आता पॅड. कान आत पूर्ण मावतो का ते आरशात बघा, आणि कानाची कड आतल्या कापडाला टेकते का ते तपासा. टेकत असेल तर तासाभरात कान लाल होतो. जाड पॅड हा एक उपाय. दुसरा फुकटातला: पॅडच्या मागच्या अर्ध्या कडेखाली सुती दोरीचा तुकडा सरकवा. पॅड मागून उचलला जातो, तिरपा होतो, कानाला जागा मिळते.

कृत्रिम चामड्याचे पॅड आपल्याकडच्या घामापुढे आणि डोक्याच्या तेलापुढे फार टिकत नाहीत, खपल्या निघायला लागतात. लांब ऐकण्यासाठी माझं मत मखमली पॅडच्या बाजूने आहे. चामड्याचा हवाबंद बसतो आणि खर्ज भरतो. मखमलीतून खर्ज थोडा झिरपतो, पण कान उबत नाहीत. पॅड जाड झाला की ड्रायव्हर, म्हणजे आत आवाज काढणारी चकती, कानापासून लांब जाते आणि खर्ज आणखी उतरतो. पॅडचं कापड आणि जाडी दोन्ही एकदम बदलून मग आवाज बिघडला म्हणू नका.

के२४० च्या मापाचे पॅड सुपरलक्स आणि सॅमसनवर बसतात. जुना पॅड बोटांनी एका बाजूने सोलत काढा. नव्याच्या मागे पातळ पदर असतो, तो वाटीच्या खाचेत खालच्या टोकाला अडकवा आणि अंगठ्याने दाबून धरा. दुसऱ्या हाताने पदर ताणत दोन्हीकडून वर या. शेवटच्या दोन इंचांत हमखास अडतं. तिथे जुनं एटीएम कार्ड आडवं घालून पदर आत ढकला. पेचकस घेऊ नका. ड्रायव्हरमागे जोरदार चुंबक असतं, ते लोखंडी टोक हातातून खेचून घेतं, आणि मध्ये असलेला पडदा प्लॅस्टिकच्या पातळ कागदाएवढाच. काम करताना खाली वर्तमानपत्र अंथरा, जवळपास लोखंडाचा कीस नको. फिलिप्सचे पॅड सहज निघत नाहीत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

४. बोचरा सूर

पारख करायला तानपुरा घ्या, गाणं नको. नुसता जुळवलेला तानपुरा पाच मिनिटं ऐका. जवारीची झार, म्हणजे तारांची ती झणझण, गोल राहिली तर काही करायचं नाही. तिच्यावर सारखी 'स्स' अशी कड येत असेल, पेटीचे वरचे सूर टोचत असतील, तर दोष साधारण ८ किलोहर्ट्झच्या आसपास आहे.

टिश्यू पेपरचा एकच पदर सोडवा. पॅड काढा, आतल्या मापाचा गोल कापा आणि ड्रायव्हरच्या जाळीवर नुसता ठेवा. गोंद लावायचा नाही. पॅड चढवला की तो जागेवर राहतो. कागदाच्या तंतूंमध्ये उंच सुरांची ताकद थोडी जिरते, खर्जाला फारसा धक्का लागत नाही. आधी एकाच कानाला लावा, फोनमध्ये मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू करा आणि दोन्ही बाजू ताडून बघा. एवढी सरळ तुलना दुसऱ्या कुठल्या उपायात मिळत नाही. आवाज मंद वाटला तर मधोमध रुपयाएवढं भोक पाडा, अजून बोचतच असेल तर दुसरा पदर. मेडिकलमधली मायक्रोपोर टेपही चालते, पण ती चिकटते, काढताना कापड ओढते. कागद आधी.

वाटीत कापूस भरायचा सल्लाही मिळतो, आणि आपल्या जिल्ह्यांत कापसाला काय तोटा! पण वेचणीचा कापूस नको, त्यात सरकीची टरफलं आणि धूळ असते. सर्जिकल कापसाचा पिंजलेला हलका फाया सेमी-ओपन वाटीत प्लॅस्टिकचं घुमणं कमी करतो. पूर्ण ओपन-बॅकमध्ये कापूस भरणं म्हणजे पैसे मोजून घेतलेली जाळी आपल्या हाताने बुजवणं.

खर्जावर एका बाजूला 'घर्र' ऐकू आली तर ड्रायव्हर गेला असं लगेच धरू नका. बहुतेक वेळा डोक्यावरचा एखादा केस जाळीतून जाऊन पडद्याला टेकलेला असतो. वाटी उलटी धरून मऊ ब्रशने जाळी झाडा. तोंडाने फुंकर मारायची नाही.

५. इक्वलायझर

इक्वलायझर म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारं ॲप. हा सगळ्यात स्वस्त बदल, पण पॅड आणि कागद ठरल्यावरच. कारण ऑटोईक्यू या हेडफोनवार तयार दुरुस्त्यांच्या संग्रहात मिळणाऱ्या दुरुस्त्या कंपनीच्या मूळ पॅडवर मोजलेल्या असतात. पॅड बदलला की त्या तुमच्या हेडफोनच्या राहत नाहीत, अंदाजापुरत्या उरतात.

विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, अँड्रॉइडवर वेव्हलेट. हाताने करायचं तर १०० हर्ट्झखाली ३-४ डेसिबलची लो-शेल्फ वाढ (त्याखालचे सगळे सूर एकसारखे वर) द्या आणि प्रीॲम्प, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, तेवढाच खाली, म्हणजे उणे ४ वर, आणा. हे विसरलं की तबल्याचा बायां फाटतो. वरचा टोचणारा सूर शोधायला टोन जनरेटर (एकच सूर वाजवणारं ॲप) अगदी हळू आवाजात ५ पासून १० किलोहर्ट्झपर्यंत सरकवा. जिथे अचानक कानात टोचेल तिथे ३-४ डेसिबल उतरवा. प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी, म्हणून या पट्ट्यात दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मग बायांची मींड ऐका. 'घे' घसरत खाली जाताना मध्येच फुगत नसेल तर बस झालं, स्लायडरवरून हात काढा.

६. केबल आणि निगा

महागड्या केबलने आवाज सुधारत नाही. लांबी सोयीची असावी आणि जॅक शाबूत असावा, एवढंच बघा. जॅकजवळ तार तुटली तर मोबाइल दुरुस्तीवाला नवा जॅक डाग देऊन (सोल्डर करून) लावून देतो. जळगावात गोलाणी मार्केट त्यासाठीच आहे. टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा, मागे ग्राउंड. रंगांवर भरवसा न ठेवता मल्टिमीटरने तपासायला सांगा, आणि तारांवरचं एनॅमल, म्हणजे पातळ लेप, जाळल्याशिवाय डाग धरत नाही याची आठवण द्या.

मखमली पॅड महिन्याकाठी काढून कोमट पाण्यात थोडा शाम्पू टाकून धुवा. पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये दाबायचे. वाळत घालायचे ते सावलीत. आपल्याकडे तिथेही ते संध्याकाळपर्यंत खडखडीत होतात, आणि थेट उन्हात फोम कडक पडतो. डोक्याला तेल लावलं असेल त्या दिवशी पट्टीवर सुती रुमाल गुंडाळून घ्या.