किशोर कादंबऱ्या आणि परीक्षेतले इंग्रजी शब्द : उपयोग कुठवर, फसगत कुठे

मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि एसएससी सीजीएल (केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीची पदवीस्तरीय परीक्षा) किंवा बँकेच्या परीक्षेतील इंग्रजीची धास्ती घेतलेल्या मुलामुलींना हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो : याद्या पाठ करू नका, इंग्रजी कादंबऱ्या वाचा, शब्द आपोआप येतील. हा सल्ला निम्माच खरा आहे. कळव्याहून ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला नोकरीसाठी जाता-येता मी कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचल्या, त्यांच्या आधाराने इंग्रजीची तयारी केली आणि आज बेलापूरला केंद्र सरकारच्या एका कार्यालयात काम करते. तरीही ‘आपोआप’ हे आश्वासन कुणी दिलेले ऐकले की अजून राग येतो, कारण त्या आश्वासनावर विसंबल्याने माझा एक आख्खा प्रयत्न वाया गेला.

सीजीएलच्या टियर-१, म्हणजे पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांसाठी आणि टियर-२, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या पेपरात ४५ प्रश्न १३५ गुणांसाठी असतात, हे नव्याने सांगायला नको. यांपैकी समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द, गाळलेल्या जागांचा उतारा आणि वाक्प्रचार एवढ्या भागाला कादंबरी मनापासून मदत करते. माणसाचा स्वभाव, चेहरा, चालणे, बोलण्याचा सूर, घराची अवकळा, आभाळाचा रंग यांचे वर्णन करणारे शब्द तिथे पानापानावर भेटतात. ‘रिलक्टंट’, ‘ब्लीक’, ‘स्कॉर्न’, ‘अलूफ’, ‘मीगर’, ‘निंबल’ असे शब्द मी यादीतून कितीदा तरी पाठ केले आणि विसरले होते, ते कादंबरीत भेटल्यावर टिकले. मात्र अनेक शब्दांसाठी एक शब्द हा प्रकार कादंबरीतून येत नाही. पंधरा वर्षांच्या नायकाच्या आयुष्यात मृत्युलेख, हुकूमशाही आणि अस्थिविसर्जन यांचे प्रसंग फारसे येत नाहीत, त्यामुळे ती यादी पाठच करावी लागते आणि त्यात कमीपणा नाही.

बँकेच्या परीक्षेतील अर्थकारणावरच्या उताऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषातज्ज्ञ बाईंनी २००० साली अभ्यासलेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची (शब्दकुल म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे) यादी प्रसिद्ध केली. हे शब्द अभ्यासविषयक मजकुराचा सुमारे १० टक्के भाग व्यापतात, तर कथासाहित्यात त्यांचे प्रमाण जेमतेम १.४ टक्के भरते, असे त्यांच्याच मोजणीत आढळले. म्हणजे केवळ कादंबऱ्यांवर विसंबून आयबीपीएसचा, म्हणजे बँकभरतीच्या परीक्षेचा, उतारा सोडवायला बसणे हे पोहण्याचा सराव करून सायकलच्या शर्यतीत उतरण्यासारखे आहे. त्या उताऱ्यांसाठी इंग्रजी वर्तमानपत्राचे संपादकीय पान वाचावेच लागते. मला ते कधीच आवडले नाही, पण वाचले.

पुस्तक निवडताना बहुतेक जण वरच्या पायरीवर उडी मारतात. स्वाध्यायी वाचनाविषयी शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाचा धागा असा आहे की मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असले तर उरलेल्यांचा अर्थ लावत सलग वाचता येते. छापील पानावर अडीचशे-तीनशे शब्द धरले, तर पाच-सहा अनोळखी शब्द ही मर्यादा झाली. पुस्तकाच्या मधले कुठलेही पान उघडून अडणारे शब्द मोजावेत. दहाच्या वर गेले तर पुस्तक खाली ठेवावे. मोठ्यांच्या कादंबऱ्यांसाठी नेशन यांनी आठ ते नऊ हजार शब्दकुलांची गरज सांगितली आहे, त्यामुळे आपल्यासारख्यांनी कुमारवयीन वाचकांच्या कादंबऱ्यांपासून सुरुवात करण्यात लाजण्यासारखे काही नाही. लोकलमध्ये शेजारच्या प्रवाशाने मुखपृष्ठावरची शाळकरी मुले पाहून भुवया उंचावल्या तर उंचावू द्याव्यात. आणखी एक : स्वामित्वहक्क संपलेली जुनी साहसकथा फुकट मिळते म्हणून तिच्यापासून आरंभ करू नये. शिडाच्या जहाजाच्या प्रत्येक दोराला इंग्रजीत वेगळे नाव आहे, आणि त्यांतले एकही नाव मला परीक्षेत भेटले नाही. गेल्या वीस-तीस वर्षांतले पुस्तक घ्यावे; ठाण्यात अधूनमधून किलोवर पुस्तके विकणारी प्रदर्शने भरतात, तिथे अशी पुस्तके स्वस्तात मिळतात.

आता ज्या सापळ्यासाठी हे लिहायला घेतले तो सापळा. कथा वाचताना अनोळखी शब्दाचा अर्थ आपण संदर्भावरून ताडतो आणि पुढे जातो. गोष्ट अडत नाही, म्हणून आपण ताडलेला अर्थ बरोबरच होता असे आपल्याला वाटते. गोष्ट न अडणे आणि अर्थ बरोबर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कुणीही सांगत नाही. एका कादंबरीत एक मुलगा लांबचा प्रवास करून रात्री अनोळखी गावात उतरतो आणि ‘वेअरी’ नजरेने आजूबाजूला पाहतो, असे वाक्य होते. प्रवासातून आलेला मुलगा थकलेलाच असणार, म्हणून मी त्या शब्दाचा अर्थ ‘थकलेला’ असा धरला. गोष्ट सुरळीत पुढे गेली. पुढच्या प्रकरणात तोच शब्द पुन्हा आला, तिथेही ‘थकलेला’ बसला, आणि अर्थ पक्का झाला. वास्तविक थकलेला या अर्थाचा शब्द ‘विअरी’ असा उच्चारतात आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यूनंतर ई आणि ए अशी दोन अक्षरे येतात. मी वाचला होता त्यात नुसता ए होता, आणि त्याचा अर्थ सावध, साशंक असा आहे. अनोळखी गावात रात्री उतरलेला मुलगा सावधही असतोच. दोन्ही अर्थ त्या वाक्यात चपखल बसत होते, म्हणून मला शंका येण्याचे कारणच उरले नव्हते.

परीक्षेत शब्द संदर्भाविना, एकटा येतो. खाली चार पर्याय असतात आणि प्रश्न काढणाऱ्याला आपली ही सवय पुरेपूर ठाऊक असते, म्हणून चारांपैकी एका पर्यायात ‘टायर्ड’ ठेवलेला असतो. मी तो मोठ्या आत्मविश्वासाने निवडला. न येणारा प्रश्न आपण सोडून देतो आणि शून्यावर निभावतो. चुकीचा येणारा प्रश्न मात्र हमखास सोडवतो, दोन गुण हुकतात आणि वर अर्धा गुण कापला जातो. टियर-२ मध्ये एका प्रश्नाला तीन गुण आणि चुकीला एक गुणाची वजावट, म्हणजे नुकसान आणखी मोठे. अर्धवट कळलेला शब्द अजिबात न कळलेल्या शब्दापेक्षा महाग पडतो. कादंबऱ्या भराभर वाचणाऱ्यांच्या डोक्यात असे अर्धवट शब्द शेकड्यांनी साठतात, आणि तुमच्याही साठत असतील, हे स्पष्टच सांगते.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही. गाडीत वाचताना शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारावी आणि समासात आपला अंदाज एका मराठी शब्दात लिहावा. कोश तेव्हा उघडू नये, नाहीतर गोष्टीची गोडी जाते आणि चार दिवसांत वाचनच सुटते. रात्री घरी कोशात खरा अर्थ पाहावा. अंदाज बरोबर ठरला तर शब्द सोडून द्यावा. चुकला, किंवा जवळपास होता, तरच तो वहीत उतरवावा, आणि मूळ वाक्याच्या खाली त्याच शब्दाचे आपले एक वाक्य असे लिहावे की ज्यात चुकीचा अर्थ बसूच शकणार नाही. ‘लाच मागितली गेल्यापासून व्यापारी त्या अधिकाऱ्याशी वेअरी राहून बोलू लागला’ असे वाक्य मी लिहिले. इथे थकवा कुठूनही शिरत नाही. आठवड्याने वहीतले मराठी अर्थ हाताने झाकून नुसते शब्द वाचावेत, कारण परीक्षेत ते तसेच दिसणार आहेत. ‘जवळपास’ अंदाजांना माफी देऊ नये. ‘रिलक्टंट’ म्हणजे ‘हळू’ नव्हे; नाखुशीने होकार देणारी मुलगी मान हळू हलवते एवढाच त्यांचा संबंध आहे.

मार्गदर्शकांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. तीन हजार शब्दांची पीडीएफ वाटून टाकणारे क्लासचे सर आणि ‘नुसते वाचत राहा’ म्हणणारे अभ्यासिकेतले दादा, दोघेही तुमची वही कधी उघडून पाहत नाहीत. मला खरी मदत झाली ती अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या ताईची. तिला माझ्यापेक्षा अधिक इंग्रजी येत नव्हते, पण दर रविवारी आम्ही एकमेकींच्या वह्या अदलाबदल करून शब्द विचारत असू, आणि ती एकही ‘जवळपास’ उत्तर मान्य करत नसे. असे माणूस मिळाले तर क्लासची फी वाचवावी. चित्रांच्या आणि विनोदी जोड्यांच्या क्लृप्त्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यापुरत्या चालतात. त्यांच्यावर वर्षभराचा अभ्यास उभा राहत नाही.

पहिले पुस्तक फार रेंगाळते. रोज चार पाने होतात, वही फुगत जाते आणि सोबतची मुले मॉक टेस्टचे गुण सांगत असतात. त्याने घाबरून जाऊ नये. एकाच लेखकाचे किंवा एकाच मालिकेचे दुसरे पुस्तक घेतले की तेच शब्द पुन्हा येऊ लागतात, तिसऱ्यात पेन्सिल कमी चालते. ज्यांनी लहानपणी मराठी गोष्टींची पुस्तके भरपूर वाचली आहेत त्यांची भाषा इंग्रजीतही लवकर सुटते, असे माझे निरीक्षण आहे; ठाण्याच्या १८९३ पासून चालू असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आईने माझे नाव घातले होते, त्याचा उपयोग मला इंग्रजीच्या उताऱ्यांत झाला, तो कुठल्याही इंग्रजी वर्गाने केला नव्हता.

परीक्षेला दीड महिना उरला की नवी कादंबरी हाती घेऊ नये, आणि चालू असलेली संपली नसेल तरी बाजूला ठेवावी. त्या काळात मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतील समानार्थी-विरुद्धार्थी शब्द काढून ते आपल्या वहीशी ताडून पाहावेत. चारही पर्याय वाचावेत, केवळ बरोबर उत्तर नव्हे, कारण एका वर्षी चुकीचा पर्याय म्हणून ठेवलेला शब्द पुढे प्रश्न म्हणून आलेला मी पाहिला आहे. गाडीत तेवढे दिवस पुस्तकाऐवजी वहीच न्यावी.